मालवणच्या समुद्रतळी एक दिवस : पूर्वतयारीविषयी चार शब्द

दिग्रससारख्या गावी जन्म काढलेल्या मनुष्यास समुद्र बहुधा पुस्तकांतूनच ठाऊक असतो. आमच्या अरुणावतीचे पाणी पैनगंगेस मिळते, पैनगंगा वर्धेस, वर्धा पुढे प्राणहितेच्या रूपाने गोदावरीस, व ते सारे अखेर पूर्वसमुद्रात जाऊन पडते. परंतु त्या पाण्याचा माग काढीत कोणी जात नाही. आमच्या वाडवडिलांस समुद्रदर्शन घडले ते रामेश्वरी, द्वारकेस किंवा जगन्नाथपुरीस, आणि तेही किनाऱ्यावर उभे राहून आचमनापुरते. आता मात्र घरोघरच्या मुलांचे समाधान तेवढ्याने होत नाही. पाठीवर हवेचे नळकांडे बांधून समुद्राच्या पोटात उतरावे व तेथील जीवसृष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, अशी त्यांची उत्कंठा असते. धर्मनिबंधकारांनी समुद्रयान कलिवर्ज्यात घातले होते हे खरे. पण समुद्राच्या तळाशी जाण्याची कल्पनाच त्यांस शिवली नसावी, म्हणून त्याविषयी ते काही बोलत नाहीत! गतवर्षी आमच्या घरच्या मंडळींनी ही यात्रा केल्यापासून परिचयातील अनेक कुटुंबांकडून विचारणा होत असते. तेव्हा सर्वांस एकदमच उत्तर द्यावे, एवढाच या लेखाचा हेतु.

प्रथम स्थळाचा विचार. अंदमानातील स्वराजद्वीप किंवा कर्नाटकातील मुरुडेश्वरासमोरचे नेत्राणी बेट येथील पाणी अधिक निर्मळ असते, यात शंका नाही. आपल्या विजयदुर्गापासून पश्चिमेस शंभराहून अधिक किलोमीटरांवर कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखला जाणारा ‘आंग्रिया बँक’ हा प्रवाळांचा विस्तीर्ण बुडित पठारही आहे; परंतु त्याचा माथाच सुमारे वीस मीटर पाण्याखाली असल्यामुळे ते काम शास्त्रज्ञांचे व मुरलेल्या पाणबुड्यांचे. नवशिक्या कुटुंबास एका दिवसात, माफक खर्चात व आपल्या भाषेत बोलणाऱ्या माणसांच्या संगतीत जे साधेल ते मालवणासच साधेल. मालवणसमोरील कुरटे बेटावर शिवछत्रपतींनी १६६४ च्या नोव्हेंबरात सिंधुदुर्गाचा पाया घातला. त्या किल्ल्याच्या व जवळच्या पद्मगडाच्या भोवतीच्या खडकांवर प्रवाळांची वस्ती आहे. हा प्रदेश १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर असून त्यातील तीन चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक भाग गाभ्याचा आहे. जवळच तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा शिकविणारी संस्थाही आहे.

आता दिवस कोणता निवडावा? पावसाळ्यात, म्हणजे साधारणतः मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत, हे सारे व्यवहार बंदच असतात. पाऊस सरल्यावरही नद्यांनी आणलेला गाळ बसण्यास काही काळ जातो. म्हणून मार्गशीर्ष ते माघ हे महिने उत्तम. परंतु महिन्याहून तिथीचे महत्त्व अधिक आहे, आणि येथे आपले पंचांग फार उपयोगी पडते. कोकणात पूर्वापार हिशेब असा की, तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे भरतीची स्थूल वेळ निघते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणून त्या दिवशी सकाळ-सायंकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा व अमावास्या यांच्या आसपास उधाण असते. त्या वेळी पाण्याची ओढ फार व तळाची रेतीही उसळलेली. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, पाण्यास ओढ कमी. परंतु सकाळची सारी वेळ ओहोटीची, आणि ओहोटीस खाड्यांचे गढूळ पाणी बाहेर येते. म्हणून मला एकादशी-द्वादशी या तिथी अधिक पसंत आहेत. एकादशीस हिशेबाने भरती सव्वाआठास येते, मालवणास काहीशी आधीच. बाहेरचे निर्मळ पाणी आत येऊन स्थिरावलेले असते व उधाणही अद्याप दूर असते. शिवाय पाण्यात उतरण्यापूर्वी पोट हलके असावे लागते, तेही एकादशीस अनायासे साधते. मात्र साबुदाण्याच्या तुपकट खिचडीने नव्हे! अर्थात हा हिशेब घरबसल्या दिवस योजण्यापुरताच. त्या दिवशीचा वारा व लाटा यांविषयी हवामानखात्याची सूचना पाहावी आणि अखेरचा शब्द स्थानिक नावाड्याचा मानावा. तो ‘आज नको’ म्हणाला तर सातशे किलोमीटर प्रवास फुकट गेला म्हणून त्याच्याशी हुज्जत घालू नये. याच कारणास्तव मालवणात एक दिवस शिलकी ठेवूनच निघावे.

यंत्राविषयी थोडे. जाक-इव कूस्तो व एमिल गान्याँ या दोघां फ्रेंच गृहस्थांनी १९४३ साली जे साधन सिद्ध केले त्याचीच ही सुधारलेली आवृत्ती होय. पाठीवरच्या टाकीत निव्वळ प्राणवायू असतो असा पुष्कळांचा समज आहे, तो बरोबर नाही. तीत आपण येथे घेतो तीच हवा दाबून भरलेली असते. तोंडात धरावयाच्या रेग्युलेटरमधून ती, ज्या खोलीवर आपण असू तेथील पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने, श्वासागणिक मिळते. यातच साऱ्या सुखाचे व साऱ्या धोक्याचे मूळ आहे. पाण्यात दहा मीटर उतरले की दाब दुप्पट होतो. तेथे छाती भरून घेतलेला श्वास तसाच कोंडून वर आले तर त्या हवेचे आकारमान वाटेत दुपटीस जाते. फुफ्फुसे काही रबरी फुगे नव्हेत, ती फाटतात. याला फार खोली लागते असेही नाही. चार-पाच फुटांवरून श्वास कोंडून वर आले तरी इजा होऊ शकते.

ज्यांच्या घरी संध्या व प्राणायाम चालतो त्यांस हे मुद्दाम सांगितले पाहिजे. पूरक, कुंभक व रेचक यांपैकी पहिले व शेवटचे अंग पाण्याखाली अखंड चालू ठेवावयाचे, आणि कुंभक सर्वथा वर्ज्य समजावयाचा. ‘मी दीड मिनिट श्वास रोखू शकतो’ अशी प्रौढी मिरविणारा तरुण येथे सर्वांत धोक्यात असतो. तोंडावर पाणी येताच श्वास आपोआप थांबतो ही देहाची जुनी खोड आहे. ती मोडण्यासाठी पंधरवडाभर आधी घरीच सराव करावा. डोळे व नाक झाकणारा मुखवटा आणि तोंडात धरावयाची नळी (हिला स्नॉर्कल म्हणतात) आणून मोठ्या घंगाळात तोंड बुडवावे, व तोंडाने संथपणे श्वास घ्यावा आणि सोडावा. मुलांस हा खेळच वाटतो. या मुखवट्यात चष्मा बसत नाही, तेव्हा डोळ्यांचा नंबर असणाऱ्यांनी तशा काचांचा मुखवटा मिळेल काय, हे आधीच विचारावे. भरघोस मिशांमुळेही मुखवट्यात पाणी शिरते. त्यापुढचा निर्णय ज्याचा त्याने करावा. स्त्रियांस अंगभर रबरी पोशाख मिळतो. दागिने मात्र घरीच ठेवून जावे, व मंगळसूत्र काढणे ज्यांस अप्रशस्त वाटते त्यांनी ते पोशाखाच्या आत नीट बसवून घ्यावे.

कानांची काळजी दुसरी. उतरताना दाबाने कानांचे पडदे आत ढकलले जातात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकले की ते पूर्ववत होतात. हे हात-दोन हात उतरले की करीत जावे, दुखू लागण्याची वाट पाहू नये. आणि एवढे करूनही दुखलेच तर जोर न करता वर यावे. पडसे असताना हे साधत नाही, म्हणून सर्दी झालेल्याने त्या दिवशी काठावरच बसावे. दमा, हृदयविकार, अपस्मार, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल, किंवा स्त्री गर्भवती असेल, तर उतरूच नये, निदान वैद्यांच्या लेखी संमतीवाचून तरी नाहीच. उतरण्यापूर्वी एक छापील प्रश्नावली भरावयास देतात. तीत सर्व ठिकाणी ‘नाही’ लिहून मोकळे होण्याची चाल मी पाहिली आहे. परीक्षेच्या कागदावरील असत्याने गुण जातात, या कागदावरील असत्याने प्राण जाण्याचा संभव असतो. दहा वर्षांखालील मुलांस व माझ्यासारख्या रक्तदाबाच्या म्हाताऱ्यांस स्नॉर्कलची नळी पुरे. पृष्ठभागावर उपडे तरंगूनही पुष्कळ दिसते.

नवशिक्यास पोहता येण्याची अट नसते. शिक्षक त्यास धरूनच नेतो. पाण्याखाली बोलता येत नाही म्हणून सर्व व्यवहार हातांच्या खुणांनी होतो, आणि येथे एक घोटाळा ठरलेला. अंगठा उभारून दाखविणे म्हणजे आपल्याकडे ‘छान!’ पण पाण्याखाली त्याचा अर्थ ‘मला वर न्या’ असा होतो. सर्व ठीक असल्याची खूण म्हणजे अंगठा व तर्जनी यांची टोके जुळविणे. आपल्या ज्ञानमुद्रेशी तिचे साम्य असल्यामुळे ती आमच्या नातीच्या चटकन ध्यानात राहिली.

आणि दिसते काय? येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की चित्रपटांतले निळेशार पाणी व प्रचंड जलचर यांची अपेक्षा धरून जाणारा निराश होईल. कित्येक दिवशी दहा-पंधरा फुटांपलीकडचे दिसत नाही. रघुवंशाच्या तेराव्या सर्गात विमानातून जाताना राम सीतेस मस्तकावरील रंध्रांतून पाण्याचे फवारे उडविणारे तिमि दाखवितो. तसे काही येथे योजून पाहावयास मिळत नाही. पहाटे देवबागेच्या बाजूस डॉल्फिनांच्या पाठी दिसल्या तर भाग्य समजावे. खडकांपाशी मात्र लहान जीवांचा बाजार भरलेला असतो. अंगावर पाच काळे पट्टे असलेल्या माशांचे थवे, चपटे पिवळे फुलपाखरू-मासे, कपारीत दबा धरून बसलेला गोबरा, काटेरी समुद्रसाळू. पाण्यातून व काचेतून पाहताना हे सारे सुमारे तिसऱ्या हिश्श्याने मोठे दिसते, म्हणून परतलेला प्रत्येक जण माशाचे माप वाढवूनच सांगतो. लाल रंग पाणी आधी गिळून टाकते. काही मीटर खाली लालभडक कुंकूही काळपट भासते.

परंतु तेथील मुख्य रहिवासी म्हणजे प्रवाळ, आणि त्यांना पुष्कळसे पाहुणे दगडच समजतात. आपल्या पूर्वजांनी याला ‘विद्रुम’ म्हटले, त्या शब्दात वृक्ष आहे. ‘प्रवाल’ म्हटले, त्याचा दुसरा अर्थ कोवळा पल्लव. अंगठीत बसवून आपण त्याची गणना रत्नांत केली. वस्तुतः तो वृक्षही नव्हे व खनिजही नव्हे. सूक्ष्म प्राण्यांची ती वसाहत होय. (अंगठीतले तांबडे पोवळे मुख्यतः भूमध्यसमुद्राकडचे, मालवणचे प्रवाळ निराळ्या कुळातले, बहुतेक ओबडधोबड गोळ्यांसारखे.) या प्राण्यांच्या देहात अतिसूक्ष्म शैवाल राहते व सूर्यप्रकाशात अन्न तयार करून यजमानास पुरविते. पाणी फार तापले की हा ऋणानुबंध तुटतो, शैवाल निघून जाते व प्रवाळ पांढरा पडतो. मालवणातही असे घडल्याचे संशोधकांनी नोंदविले आहे. या गोळ्यांपैकी पुष्कळांची वाढ वर्षास एक सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे हातभर उंचीचा प्रवाळ हे चाळीस-पन्नास वर्षांचे काम. त्यावर एकदा पाय रोवून उभे राहिले की तो जिवंत थर खरवडून निघतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२० साली मालवण अभयारण्यातील स्कूबा-पर्यटनाविषयी अभ्यास प्रसिद्ध केला. पाहुण्यांच्या हातापायांनी प्रवाळ मोडतात असेच त्यात दिसून आले. कायद्याने तर रीफ बांधणाऱ्या प्रवाळांस २००१ पासून वाघाच्या पंक्तीस बसविले आहे, व त्याचा तुकडा खिशात घालून आणणे हा गुन्हा आहे. तरीही छायाचित्रासाठी प्रवाळास धरून बसणे चालूच असते. मासे जवळ यावेत म्हणून पाव-बिस्किटे टाकली जातात. तेही अभयारण्यात सर्वथा अनुचित.

म्हणून नौका ठरविताना केवळ दर विचारून थांबू नये. एका शिक्षकाकडे एका वेळी किती जण असतात? नौका कायम बांधलेल्या तरंडास बांधतात की खडकावर नांगर टाकतात? प्रत्येकास, लहान मुलांसुद्धा, जीवरक्षक जाकीट मिळते काय? आणीबाणीसाठी प्राणवायू नौकेवर आहे काय? प्रवाळास हात न लावता दाखवाल काय? हे विचारताना संकोच वाटता कामा नये. २४ मे २०२२ रोजी, हंगाम संपत आला असता, तारकर्लीजवळ पर्यटकांची नौका उलटून दोघे मृत्युमुखी पडले. जाकीट उकाड्यामुळे नकोसे वाटले तरी किनाऱ्यास पाय लागेपर्यंत काढू नये, आणि नौकेत माणसे दाटीने भरलेली दिसल्यास पैसे बुडाले तरी उतरून यावे.

परतीच्या प्रवासाविषयी एक गोष्ट, जी आम्हां घाटावरच्या लोकांस विशेष लागू आहे. दाबाखाली श्वास घेतल्याने हवेतील नत्रवायू रक्तात अधिक विरघळतो, व त्यास सावकाश बाहेर पडू द्यावे लागते. यासाठी एका बुडीनंतर निदान बारा तास व अनेक बुड्यांनंतर अठरा तास विमानात बसू नये असा संकेत आहे. आपण विमानाने जात नाही हे खरे. पण मालवणहून कोल्हापूर-सोलापूरमार्गे दिग्रसकडे येताना फोंड्याचा किंवा गगनबावड्याचा घाट चढावाच लागतो, आणि आंबोलीने गेल्यास उंची सातशे मीटरांच्या घरात जाते. नवशिक्यांची बुडी उथळ व अल्पकाळची असल्याने भय थोडे. तथापि सकाळी समुद्रतळी आणि दुपारी सह्याद्रीच्या माथ्यावर, ही घाई कोणीही करू नये. ती रात्र मालवणातच काढावी. घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ व सोलकढी यांवर शाकाहारी माणसाचाही निर्वाह उत्तम होतो.

मोकळी मिळालेली दुपार सिंधुदुर्गास द्यावी. धक्क्यावरून होडी मिळते. परतीची शेवटची होडी केव्हा, हे चढतानाच विचारून ठेवावे. तटाचा घेर मोठा आहे, म्हणून वृद्धांनी सर्व फिरण्याचा आग्रह धरू नये. शिवराजेश्वराचे मंदिर व महाराजांच्या हातापायांचे ठसे पाहून दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन विहिरींकडे जावे. सकाळभर खारट झालेल्या तोंडास, चारी बाजूंनी समुद्र असलेल्या त्या खडकातले पाणी किती गोड लागते, ते मुलांनी स्वतः चाखून पाहावे.