भाताच्या बांधातली बिळे आणि लेप्टोचा ताप

जमिनीखाली बीळ करून राहणारे प्राणी पुष्कळ आहेत. पण माणसाच्या आरोग्याशी फार जवळचा संबंध येतो तो उंदीर आणि घुशीचा. भाताचे बांध पोखरून ते आत बोगदे करतात, पिकलेल्या लोंब्या तोडून बिळात साठवतात. हे नुकसान शेतकऱ्याला डोळ्यांनी दिसते. न दिसणारे नुकसान होते ते त्यांच्या लघवीमुळे.

लेप्टोस्पायरा नावाचे जंतू उंदरांच्या मूत्रपिंडात ठाण मांडून असतात. उंदराला त्याचा विशेष त्रास होत नाही, मात्र जंतू लघवीवाटे महिनोन् महिने बाहेर पडत राहतात. गुरे, डुकरे व कुत्री यांच्याकडूनही हा रोग पसरतो. जमीन वाळली की हे जंतू मरतात; ओल्या मातीत व साचलेल्या पाण्यात मात्र काही आठवडे तग धरतात. पावसात बिळांत शिरलेले पाणी खाचरात उतरते आणि त्याच चिखलात आपण लावणीसाठी दिवसभर अनवाणी उभे असतो. भेगाळलेली टाच, विळ्याने कापलेले बोट, बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या ही जंतूंना आयती वाट. डोळे, नाक व तोंडावाटेही ते शरीरात शिरतात.

१९१५ च्या सुमारास जपानमधील इनाडा व इदो या डॉक्टरांनी हे जंतू शोधले, ते कोळशाच्या खाणीतील मजुरांच्या आजाराचा अभ्यास करताना. ओलीत राबणाऱ्यांचा असा हा रोग आहे. शहरेही सुटलेली नाहीत. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोचे अनेक रुग्ण आढळले.

जंतू शिरल्यावर साधारण एक ते दोन आठवड्यांत थंडी वाजून जोराचा ताप येतो. डोके दुखते, डोळे लाल होतात, पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देववत नाही. पुष्कळ रुग्ण एवढ्यावरच बरे होतात. काहींना मात्र कावीळ होते, लघवी कमी होते, थुंकीतून रक्त पडते. मूत्रपिंडे व फुप्फुसे निकामी होऊ लागल्याची ही खूण आहे.

आपल्याकडे खरा घात होतो तो इथेच. डोळे पिवळे दिसले की रुग्णाला कावीळ उतरवायला किंवा पाल्याचा रस द्यायला गावोगाव नेतात. त्यात मोलाचे दोन-तीन दिवस जातात. वाचकहो, ताप आणि कावीळ एकत्र दिसली, तर थेट रुग्णालय गाठा. ‘मी चिखलात काम केले आहे’ हे डॉक्टरांना आपणहून सांगा. अंगदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून खाऊ नका. त्यांतील काही मूत्रपिंडांना अपाय करतात. वेळेत सुरू केल्यास डॉक्सिसायक्लिन, पेनिसिलीन ही जुनी, स्वस्त औषधे चांगला गुण देतात.

प्रतिबंधासाठी एवढे करावे :

• जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावूनच चिखलात उतरावे. जमल्यास गमबूट वापरावेत.

• काम संपताच हातपाय साबणाने धुवावेत. चिखलाच्या हाताने तंबाखू मळू नये.

• साथीच्या भागात आरोग्य कर्मचारी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात, त्या सांगितल्याप्रमाणे घ्याव्यात. गरोदर स्त्रियांनी व लहान मुलांना देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

• पावसाळ्यापूर्वी बांधावरची बिळे संध्याकाळी मातीने बुजवावीत. सकाळी जी उकरलेली दिसतील ती जिवंत बिळे. कृषी खात्याच्या सल्ल्याने विषारी आमिष त्यांतच ठेवावे, मुले व गुरे यांना जपून. बिळात हात कधीही घालू नये. उंदराच्या बिळात साप असू शकतो.

• एकट्याने उंदीर मारून भागत नाही. शेजारच्या बांधातले उंदीर आपल्या बांधात येतात. हे काम साऱ्या वाडीने एकाच वेळी करावे.