लेबल आपलं, तर त्याची फाइलही आपल्याच पेटीत



आपल्या गटाच्या चटणीचं, पापडाचं किंवा मसाल्याचं एक पाकीट हातात घ्या आणि त्यावरच्या लेबलाची मूळ फाइल कुठे आहे ते आठवून बघा. बहुतेक गटांत उत्तर एकच येतं, तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडे. मग भाव दहा रुपयांनी वाढला की तिकडे जा, वजन बदललं की तिकडे जा. एसटीचं तिकीट अर्धं झालं, पण रोज बुडतो तो पूर्णच बुडतो. त्याचं दुकान बंद पडलं किंवा संगणक बिघडला, तर लेबल पुन्हा पहिल्यापासून. यात दुकानदाराचा दोष नाही, तो त्याचा धंदा करतो. पण माल आपला, नाव आपलं आणि त्या नावाचा साचा मात्र दुसऱ्याच्या घरी, असं झालंय.

म्हणूनच हल्ली बैठकीत ताया विचारतात, "मॅडम, गटासाठी लॅपटॉप घ्यावा का?" लेबल, फोटो, भावपत्रक, प्रदर्शनाचा फलक, स्टेटसला टाकायचा छोटा व्हिडिओ, एवढंच काम असेल तर लॅपटॉपची गरज नाही. एक बरा टॅब पुरतो. पण टॅब घेतला म्हणजे प्रश्न सुटला असंही नाही. ते का, हे शेवटी सांगते.

टॅबच का?

जिला मोबाइल येतो तिला टॅब येतो. माउस धरायला शिकावं लागत नाही. बोटाने सरकवायचं, चिमटीने मोठं-लहान करायचं. 10-11 इंची पडदा साधारण वहीच्या पानाएवढा असतो, त्यामुळे चार जणी एकत्र बसून "हा रंग नको, तो घे" असं ठरवू शकतात. मोबाइलवर ते जमत नाही. लाइट गेली तरी चार्ज केलेला टॅब बरेच तास चालतो. आणि प्रदर्शनाला जाताना पिशवीत टाकून नेता येतो.

"आता या वयात मला काय जमणार?" म्हणणाऱ्या तायांसाठी एक माहिती. डेव्हिड हॉकनी हे इंग्लंडचे नामवंत चित्रकार. त्यांनी टॅबवर चित्रं काढायला सुरुवात केली ती सत्तरी ओलांडल्यावर, 2010 मध्ये. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या जुन्या चर्चमध्ये 2018 साली रंगीत काचेची एक मोठी खिडकी बसवली, तिचं चित्र त्यांनी टॅबवरच तयार केलं होतं. आपल्याला तर चटणीचं लेबल करायचंय.

घेताना काय बघायचं?

- पडदा 10 ते 11 इंच. त्याहून लहान घेतला तर मोबाइलच बरा.
- रॅम कमीत कमी 4 जीबी, 6 मिळाली तर उत्तम. साठवण 128 जीबी. 64 असेल तर मेमरी कार्ड घालायची जागा आहे का ते विचारा.
- सिमचा की वायफायचा? वायफायचा स्वस्त पडतो आणि कुणाच्याही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतो. पण ती ताई त्या दिवशी शेतात असली की काम अडतं. जमलं तर सिमचाच घ्या.
- जाड कव्हर आणि काच लगेच लावून घ्या. मराठी जास्त टाइप करायचं असेल तर ब्लूटूथ कीबोर्ड नंतरही घेता येतो.
- पेन लेबलासाठी लागत नाही. पण गटात रांगोळी, मेंदी, वारली किंवा भरतकामाचे नमुने काढणारी ताई असेल तर तिला पेनाचा उपयोग होईल. रबरी टोकाचं साधं पेन कुठल्याही टॅबवर बोटासारखं चालतं. दाबानुसार रेघ जाड-बारीक करणारं पेन ठरावीक टॅबलाच चालतं, म्हणून टॅब आणि पेन एकत्र बघा.

आयपॅड चांगला, पण महाग. आपल्या कामाला अँड्रॉइडचा टॅब पुरेसा आहे. किमती सतत बदलतात, म्हणून दोन दुकानांत आणि ऑनलाइन असं तिन्हीकडे विचारा. पक्कं बिल गटाच्या नावाने घ्या. ठराव, इतिवृत्त आणि मालमत्ता नोंदवहीतली नोंद, हे तिन्ही झाल्याशिवाय टॅबचा खोका उघडू नका.

एक लेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत

समजा, जवसाच्या चटणीचं 200 ग्रॅमचं पाकीट आहे.

*फोटो.* टॅबचा कॅमेरा बहुधा साधाच असतो. फोटो मोबाइलवर काढा. सकाळी दाराजवळ, ट्यूब बंद करून, मागे पांढरा कार्डशीट उभा करून. फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की त्याचा आकार कमी होतो. लेबलाला तो चालून जाईल, पण त्याच फोटोचा मोठा फलक केला की चित्र फुटतं. म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. उजेड कमी-जास्त करायला स्नॅपसीड हे ॲप फुकट आहे.

*मांडणी.* कॅनव्हा या ॲपमध्ये सुरुवातीलाच स्वतःचं माप टाका, रुंदी 50 आणि उंची 70 मिलिमीटर. आधी डिझाइन आणि मग माप असं केलं तर सगळं पुन्हा बसवावं लागतं. मुकुटाचं चिन्ह असलेली चित्रं पैसे देऊन मिळतात, ती टाळा. या ॲपला नेट लागतं, त्यामुळे रेंज नसलेल्या वाडीत मजकूर आधी वहीत लिहून ठेवा.

*गटाचं चिन्ह.* ॲपमधलं तयार चित्र लोगो म्हणून घेऊ नका. तेच चित्र आणखी हजारो जण वापरतात आणि ते ट्रेडमार्क म्हणून आपल्या नावावर नोंदवता येत नाही. त्यापेक्षा गटातल्या रांगोळीवाल्या ताईंकडून कागदावर काढून घ्या, फोटो काढा आणि टॅबवर स्वच्छ करा. ते चिन्ह खरोखर तुमचं.

*अक्षरं.* जीबोर्डवर मराठी भाषा जोडली की टाइप करता येतं आणि माइक दाबून बोलताही येतं. बोलून लिहिलेलं दुसरीने मोठ्याने वाचायचंच. विशेषतः जोडाक्षरं आणि आकडे. मुक्त, बालू असे मराठी फॉन्ट फुकट मिळतात आणि पाकिटावर स्पष्ट दिसतात.

*मजकूर.* खायच्या मालाच्या लेबलावर सजावटीपेक्षा हे महत्त्वाचं: पदार्थाचं नाव, घटकपदार्थ (जास्त वजनाचा आधी, कमी वजनाचा शेवटी), निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, गटाचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, हिरव्या चौकटीत हिरवा गोल आणि एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक. पोषणमूल्यांचा तक्ता आपल्या मालाला लागतो का, ते अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांना विचारून घ्या. आणखी एक गोष्ट, जी पुष्कळ गटांच्या लक्षात येत नाही. ही कायद्याने लागणारी माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावी लागते. मराठी त्याबरोबर जरूर ठेवा, पण फक्त मराठी चालत नाही.

छापायला देताना

फाइल नेहमी 'पीडीएफ प्रिंट' म्हणून उतरवा आणि तीच दुकानात द्या. लेबलाच्या कडेपर्यंत रंग असेल तर चारही बाजूंनी 3 मिलिमीटर जास्तीचा रंग ठेवा, नाहीतर कापताना पांढरी रेघ दिसते. कडा पांढरी असेल तर ए-फोर कागदावर 50 बाय 70 ची 16 लेबलं बसतात, आडवी चार आणि उभी चार. पडद्यावर लालबुंद दिसणारा रंग कागदावर मळका येऊ शकतो, कारण पडदा उजेडाने रंग दाखवतो आणि छपाई शाईने. म्हणून आधी एकच पान छापून बघा. पसंत पडलं तरच पुढची शंभर.

जुनी फाइल पेनड्राइव्हवर आणून टॅबवर उघडली तर बऱ्याचदा मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. घाबरू नका, टॅब बिघडलेला नाही. श्रीलिपी, कृतीदेव अशा जुन्या पद्धतीत इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं. तो फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. आता आपण वापरतो ते युनिकोड. त्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे ते कुठेही मराठीच दिसतं. जुनं लेबल दहा-बारा ओळींचंच असतं, एकदा नव्याने टाइप करून टाका. उलट बाजूने, आपलं युनिकोड दुकानातल्या जुन्या पेजमेकरमध्ये मोडतं. पीडीएफ द्यायचं ते यासाठीच.

टॅबवर काय होत नाही

टॅलीसारखं विंडोजचं हिशेबाचं सॉफ्टवेअर अँड्रॉइडच्या टॅबवर बसत नाही. श्रीलिपी बसत नाही. काही सरकारी पोर्टलची पानं नीट उघडत नाहीत. लांबलचक प्रस्ताव लिहायला बोट कंटाळतं. या कामांना ग्रामसंघाचा संगणक किंवा सेवा केंद्र आहेच, तिथे जाण्यात कमीपणा नाही. गटाचं मुख्य काम हिशेबाचं असेल तर टॅब घेऊ नका, लॅपटॉपच बघा.

आणि आता मुख्य गोष्ट: चावी कोणाकडे?

एका गटात सगळी लेबलं एका ताईंच्या मुलीने केली. हुशार पोरगी, कॉलेजला जाणारी. तिने स्वतःच्या ईमेलवर ॲप उघडलं, कारण तेच सोपं होतं. दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. सासरी गेली, नंबर बदलला. संक्रांतीला तिळगुळाची ऑर्डर आली, टॅब गटाच्या कपाटात होता, पण लेबलाची फाइल उघडेना. पासवर्ड तिलाही आठवेना आणि ओटीपी बंद पडलेल्या नंबरवर. डीटीपीवाल्याच्या संगणकातून सुटलेली फाइल एका पोरीच्या ईमेलमध्ये जाऊन अडकली. यात मुलीची काय चूक? तिला कुणी सांगितलंच नव्हतं की हे खातं गटाचं हवं.

म्हणून टॅब सुरू करताना पहिल्याच दिवशी एवढं करा.

1. गटाच्या नावाने नवीन गूगल खातं उघडा. कॅनव्हा आणि बाकी सगळी ॲप त्याच खात्यावर.
2. ओटीपीसाठी सचिवांचा नंबर द्या. पदाधिकारी बदलले की बँकेतल्या सह्या बदलतो, तसाच हा नंबरही त्याच बैठकीत बदला आणि इतिवृत्तात लिहा.
3. खात्याची दोन टप्प्यांची सुरक्षा चालू करा. तिथे गूगल 10 बॅकअप कोड देतं. फोन हरवला तरी त्या कोडने खातं उघडतं, एक कोड एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून, पासवर्डसह पाकिटात बंद करून गटाच्या पेटीत ठेवा. पैसे ठेवतो त्याच पेटीत.
4. प्रत्येक लेबलाची पीडीएफ गूगल ड्राइव्हवर ठेवा, 15 जीबी जागा फुकट असते. एक प्रत पेनड्राइव्हवर, तोही पेटीत. कॅनव्हातली मूळ रचना मात्र गटाच्याच खात्यात राहू द्या, बदल करायला तीच लागते.
5. दोन वर्षं खातं उघडलंच नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं. फक्त सणाला माल करणाऱ्या गटांनी अधूनमधून खातं उघडत जावं.
6. या टॅबवर कुणाचं आधार, बँकेचं ॲप किंवा यूपीआय ठेवू नका. तो अनेक हातांतून जाणार आहे.
7. काम कमीत कमी दोघींना आलं पाहिजे. या महिन्यात एकीने करायचं, दुसरीने बघायचं. पुढच्या महिन्यात उलट. मुलींची मदत जरूर घ्या, पण बोट तुमचंच फिरलं पाहिजे.

घरच्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगा. टॅब गटाचा आहे, घरचा नाही. नातवाला कार्टून बघायला दिला की आधी काच फुटते आणि मग गटात वाद होतो. स्क्रीन लॉक लावा. घरी कोण नेणार, किती दिवस, याची सही असलेली छोटी वही ठेवा.

येत्या मासिक बैठकीत

हा लेख एका ताईने मोठ्याने वाचावा. मग तीन गोष्टी करा. आपल्या प्रत्येक लेबलाची मूळ फाइल कुठे आहे, ते लिहून काढा. गेल्या वर्षभरात लेबलं करण्या-बदलण्यावर किती खर्च झाला, तो रोकडवहीतून बेरीज करून काढा, गाडीभाड्यासह. आणि डीटीपीवाल्या दादांना भेटून जुन्या फाइली पीडीएफमध्ये आणि मूळ रूपात, दोन्ही मागून घ्या. पैसे मागितले तर द्या, पण फाइली घेऊन या.

ती बेरीज बघूनच टॅबचा निर्णय घ्या. खर्च फारच थोडा निघाला तर घाई नको. दोन-तीन गटांत मिळून किंवा ग्रामसंघात एक टॅब घेतला तरी चालेल. पण गटाच्या नावाचं खातं आणि पेटीतलं पाकीट, हे आज मोबाइलवरही करता येतं. त्याला एक रुपयाही लागत नाही. अडलं तर मला बैठकीत विचारा, आपण एकत्र बसून करू.