मिसिंगचा माग

तिसऱ्या गिअरमध्ये, अडीच हजार आरपीएमच्या आसपास अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की मुलुंडहून आलेली ही पोलो झेप घेते आणि लगेच अडखळते; गॅरेजच्या भाषेत ‘मिसिंग मारते’. दोन-तीन धक्के बसतात आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लुकलुकू लागतो. सावकाश चालवली तर काहीच तक्रार नाही. गाडीचा मालक पगारदार तरुण आहे. सेकंडहँड घेतलेल्या गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, रीमॅप करून त्याने टर्बोचा दाब वाढवला, वेगळा एअर फिल्टर बसवला आणि शिल्लक संपवली. अंधेरीच्या गॅरेजात तो आला तेच ‘तिन्ही कॉइल बदलून टाका’ म्हणत.

‘थांबा साहेब. आधी सांगा, मिसिंग कधी मारते? सकाळी थंड इंजिनावर, की लोडवर?’

हा प्रश्न फुकट आहे, पण निम्मं निदान त्यातच होतं. उभ्या गाडीत इंजिन थरथरत असेल तर कॉम्प्रेशन, इंजेक्टर किंवा हवेची गळती यांचा संशय आधी घ्यायचा. चढावर, टर्बो पूर्ण भरल्यावर अडखळत असेल तर संशय जातो ठिणगीवर. त्याला कारण आहे. हवेचा दाब जितका जास्त, तितकी प्लगच्या दोन टोकांमधली फट ओलांडायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. फ्रेडरिक पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने वायूचा दाब, फट आणि व्होल्टेज यांचं हे नातं १८८९ साली मांडलं. रीमॅपमुळे सिलिंडरमधला दाब वाढला, पण कॉइल आणि प्लग कंपनीचेच राहिले. कंपनीच्या दाबाला जे पुरत होतं, ते आता काठावर आलं.

ही पोलो २०२० साली बीएस-६ बरोबर आलेली एक लिटरची टीएसआय. तीन सिलिंडर, ११० पीएस. तीनच सिलिंडर असल्याने एक चुकला की एक तृतीयांश ताकद जाते आणि तो धक्का सीटपर्यंत जाणवतो. ३,००० आरपीएमला हे इंजिन सेकंदाला ७५ ठिणग्या टाकतं. त्यातली एखादी वाया गेली हे ईसीयूला कळतं, कारण क्रँकशाफ्टवरच्या दातेरी चकतीचा वेग तेवढ्या क्षणापुरता मंदावतो. सेन्सर ते टिपतो, ईसीयू मोजणी ठेवतो आणि ठरावीक मर्यादेपलीकडे कोड नोंदवतो.

कोड वाचायला आता महागडा स्कॅनर लागतोच असं नाही. मोबाइलला जोडणारं स्वस्त ब्लूटूथ यंत्र स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसतं. मेकॅनिकने ते लावलं आणि कोड आला पी-०३०२, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर. पी-०३०० आला असता तर अर्थ वेगळा होता: चूक एका सिलिंडरची नाही, बहुधा सगळ्यांना पुरवठा करणाऱ्या कशाची तरी आहे. कोडबरोबर त्या क्षणाचा आरपीएम, लोड आणि तापमानही नोंदलेलं असतं. घाईत कोड पुसून ‘बघू परत येतो का’ म्हणायची सवय अनेक गॅरेजांना आहे, आणि त्यात ही सगळी माहिती जाते. या मेकॅनिकने ती आधी कागदावर उतरवली.

पुढची कसोटीही बिनपैशाची. इंजिन थंड होऊ दिलं. दोन नंबरची कॉइल तीनवर, तीनची दोनवर. कॉइलच्या रबरी नळीवर आतून बाहेरून टॉर्च मारून पाहिलं. ठिणगी आडवाटेने बॉडीत उतरत असेल तर रबरावर केसासारखी काळी रेघ उमटते. मुंबईच्या पावसाळ्यात प्लगच्या खोबणीत ओल उतरली की हे हमखास घडतं. इथे रेघ नव्हती. रात्री रस्ता मोकळा झाल्यावर जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरच्या उड्डाणपुलाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पुन्हा लोड दिला. कोड दोनवरच राहिला. म्हणजे कॉइल निर्दोष. मालक ज्या तीन कॉइलींवर काही हजार रुपये घालवायला निघाला होता, ते तिथेच वाचले.

मग प्लगची अदलाबदल झाली. या वेळी कोड हलला: पी-०३०३. दोनचा प्लग तीनमध्ये गेला आणि खोडही त्याच्याबरोबर गेली.

प्लग हातात घेऊन पाहिला तर झिजलेला. वायर गेजने फट मोजली, ती ०.९ मिलिमीटरच्या वर. दाब वाढवलेल्या इंजिनात ट्यूनर मंडळी ती बहुधा ०.६ ते ०.७ वर आणतात. फार कमी केली तर ठिणगी छोटी पडते आणि आयडलिंग बिघडतं, म्हणून इथे अंदाजाला जागा नाही. इरिडियमच्या प्लगची मधली काडी बारीक असते. तिच्यावर गेज टेकवून जोर दिला तर ती तुटते, म्हणून वाकवायचा तो फक्त बाहेरचा हात. बाकीचे दोन प्लगही झिजलेलेच होते, फक्त अजून बोलले नव्हते. नवे तिन्ही घेतले ते बिल देणाऱ्या दुकानातून. नामांकित प्लगची हुबेहूब नक्कल बाजारात मिळते, आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना आरसा किंवा दरवाजा शोधणं परवडत असलं तरी वापरलेला प्लग घेणं कधीच परवडत नाही. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असल्याने प्लग टॉर्क रेंचनेच आवळले.

एवढ्यावर भागलं नसतं तर पुढची पायरी कॉम्प्रेशन गेजची होती. सगळे प्लग काढायचे, इंधन बंद करायचं, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून स्टार्टर फिरवायचा आणि तिन्ही आकडे शेजारी मांडायचे. एखादा बराच खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा वर आला तर रिंगा गेल्या. नाही आला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. इंजेक्टर मात्र सर्वांत शेवटी. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, त्यामुळे इंजेक्टर काढणं खर्चिक आणि प्रत्येक वेळी नवे सील लागतात. याच रचनेमुळे इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोलचा हात फिरत नाही आणि काजळी साठते, हेही ध्यानात ठेवावं लागतं.

फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू इंधनाच्या मात्रेत करत असलेली दुरुस्ती, पाहताना आता एक नवं पथ्य आहे. पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं आणि ट्रिम काही टक्के वर दिसतो. तेवढ्यावरून हवेची गळती शोधत पाइप उघडत बसणं हा वेळेचा आणि मजुरीचा अपव्यय आहे.

गाडीत बदल करणाऱ्यांनी कायद्याचीही जाण ठेवावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेपासून दूर नेणारे बदल चालणार नाहीत, असं सांगितलं आहे. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणं तर या शहराच्या हवेशी सरळ वैर आहे.

तो कन्व्हर्टर शाबूत असेल तर मिसिंगचा पहिला बळी तोच ठरतो. न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळू शकते. म्हणून इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तर पाय उचला, गाडी बाजूला घ्या आणि तशीच घरापर्यंत रेटू नका. गॅरेजात गेल्यावर कोड लिहून घ्या आणि तुमच्यादेखत अदलाबदल करून दाखवल्याशिवाय एकाही सुट्या भागाचे पैसे देऊ नका.