चिखलात जिंकलेली लीग

भारतीय फुटबॉलचा इतिहास म्हटलं की १९११ साल आठवतं. मोहन बागानचे दहा अनवाणी खेळाडू आणि बूट घातलेला एक सुधीर चॅटर्जी यांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली. त्या विजयाचं कौतुक योग्यच आहे. पण त्याहून अवघड काम पुढे २३ वर्षांनी दुसऱ्याच एका कोलकात्याच्या क्लबने केलं, आणि त्याचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. तो क्लब म्हणजे १८९१ मध्ये स्थापन झालेला मोहमेडन स्पोर्टिंग.

अवघड का, तर शील्ड ही बाद फेरीची स्पर्धा. पाच-सहा सामने चांगले गेले की ढाल आपली. लीगमध्ये मात्र आठवड्यामागून आठवडे खेळत गुण गोळा करावे लागतात. कलकत्ता लीग १८९८ साली सुरू झाली आणि भारतीय क्लबांना तिची दारं उघडली १९१४ मध्ये. तरीही बरीच वर्षं पहिल्या श्रेणीत दोनपेक्षा जास्त भारतीय संघ नकोत, असा नियम होता. विजेतेपद गोऱ्या पलटणी आणि गोरे क्लब आपसात वाटून घेत.

लीगचा हंगाम उन्हाळ्याच्या शेवटी सुरू होऊन भर पावसात शिरायचा. खरी मेख इथेच होती. कोरड्या मैदानावर अनवाणी खेळाडू चपळ असे, चेंडू त्याच्या पायाला चिकटून राही. पाऊस पडला की तोच खेळाडू चिखलात घसरायचा आणि खिळ्यांचे बूट घातलेला सोजीर त्याच्या अंगावरून पुढे निघून जायचा. भारतीय संघ जूनपर्यंत झकास खेळतात आणि मग ढेपाळतात, हे जणू ठरूनच गेलं होतं. मोहमेडनचे चिटणीस सी. ए. अझीझ यांनी यावर साधा उपाय काढला: मैदान ओलं असेल तर बूट घालायचे. आज यात काही विशेष वाटणार नाही. पण जन्मभर उघड्या पायाने खेळलेल्या माणसाला बूट घालून चेंडू नीट मारायला शिकवणं, हे सरावाचं आणि चिकाटीचं काम होतं.

दुसरी गोष्ट खेळाडूंची. कोलकात्याचे क्लब तोवर बहुतेक बंगालमधलीच मुलं घेत. मोहमेडनने बंगळूरपासून वायव्येकडच्या प्रांतांपर्यंत चांगले मुस्लिम खेळाडू शोधले. गोलरक्षक उस्मान आणि बचावातला जुम्मा खान ही नावं त्या काळी सर्वतोमुखी झाली. कागदोपत्री सगळे हौशीच. पण परगावच्या माणसाला खेळवायचं तर त्याच्या राहण्या-जेवणाची सोय पाहावी लागते, आणि ती पाहणारे आश्रयदाते क्लबापाशी होते. हौशी खेळातली ही पळवाट मुंबईच्या मैदानांनाही नवी नाही.

१९३४ मध्ये क्लब पहिल्या श्रेणीत आला आणि त्याच वर्षी त्याने लीग जिंकली. कोणत्याही भारतीय संघाचं हे पहिलंच लीग विजेतेपद. मग १९३८ पर्यंत सलग पाच वेळा. १९३६ मध्ये शील्डही आली. गंमत म्हणजे बुटांच्या बळावर वर आलेल्या याच क्लबचा मोहम्मद सलीम त्या वर्षी ग्लासगोला गेला आणि सेल्टिककडून दोन सामने पायाला नुसत्या पट्ट्या बांधून खेळला.

या यशाला दुसरी बाजूही होती. पहिल्या विजेतेपदाचा आनंद, गोऱ्यांना हरवलं म्हणून, हिंदूंनाही झाला. पण तिशीच्या दशकातलं बंगालचं राजकारण धर्माच्या मतदारसंघांत वाटलं गेलं होतं आणि मैदान त्यापासून सुटणार नव्हतं. क्लबचा विजय हळूहळू जमातीचा विजय मानला जाऊ लागला. मुंबईकरांनी उगाच नाकं मुरडू नयेत. आपल्याकडे हिंदू, पारशी, मुस्लिम अशा संघांची पंचरंगी क्रिकेट स्पर्धा तेव्हा भरगच्च गर्दीत चालली होती आणि १९४० मध्ये गांधीजींनी तिच्याविरुद्ध मत दिलं होतं. माझ्या मते मोहमेडनच्या खेळाचं मोजमाप त्या राजकारणापासून वेगळं करायला हवं. १९११ चा जयजयकार करणाऱ्यांनी ते पुरेसं केलेलं नाही.

१९४० मध्ये क्लबने दिल्लीत ड्युरँड चषक जिंकला; तो जिंकणारा हा पहिला भारतीय संघ. त्याच वर्षी मुंबईत येऊन रोव्हर्स चषकही नेला. पुढे फाळणी झाली, खेळाडू आणि आश्रयदाते विखुरले, आणि तो दबदबा पुन्हा आला नाही. १९६० मध्ये ढाक्याचा आगा खान सुवर्णचषक जिंकून क्लबने परदेशातही नाव केलं.

२०२३-२४ मध्ये मोहमेडनने आय-लीग जिंकून इंडियन सुपर लीगमध्ये जागा मिळवली. तिथल्या पहिल्याच हंगामात तो गुणतक्त्यात तळाला राहिला.