परवाना मिळाला, पुढे काय? घरातल्या बंदुकीच्या सहा चुका

(ताज्या एपिसोडचा लिखित मजकूर. ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा बसमध्ये इअरफोन विसरलेत, त्यांच्यासाठी.)



नाशिक आणि पिस्तूल म्हटलं की आपल्याला शाळेतली तारीख आठवते. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, अनंत कान्हेरे आणि कलेक्टर जॅक्सन. आज तो इतिहास नाही सांगणार. आजचा विषय आहे कपाटातली बंदूक.

निफाड-दिंडोरीकडे एखाद्या मळ्यात आजोबांच्या नावावरची बारा बोर असते. देवळालीत एखाद्या निवृत्त फौजी काकांचं पिस्तूल असतं. शहरात एखाद्या व्यापाऱ्याकडे रिव्हॉल्व्हर असतं. सगळं कायदेशीर, परवान्यासकट. तरीही आयुष्यभर शस्त्र बाळगणाऱ्या माणसांना ज्या गोष्टींची चुटपुट लागते, त्यातल्या बहुतेक गोळी झाडण्याच्या वेळच्या नसतात. बंदूक नुसती घरात पडून असते ना, त्या वर्षांमधल्या असतात. अशा सहा चुका आज एकेक करून बघू.

चूक पहिली : "रिकामी आहे रे!"

बंदुकीच्या अपघातांनंतर हे वाक्य हमखास ऐकू येतं. "मला वाटलं रिकामी आहे."

असं का होतं? सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल घ्या. गोळ्या मुठीतल्या मॅगझिनमध्ये असतात. मॅगझिन काढलं की वाटतं, झालं रिकामं. पण एक गोळी आधीच वर चेंबरमध्ये चढलेली असू शकते, आणि मॅगझिन काढल्यावर ती आपोआप बाहेर येत नाही. काही जण क्रम उलटा करतात. आधी स्लाइड मागे ओढतात, चेंबरमधली गोळी बाहेर पडते, आणि मग मॅगझिन काढतात. पण स्लाइड पुढे परत जाताना मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये ढकलून बसलेली असते! म्हणजे डोळ्यांसमोर गोळी बाहेर पडली, आणि पिस्तूल अजून भरलेलंच.

म्हणून क्रम असा: नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाच्या बाहेर, आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड ओढायची, मग चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि बोटाने चाचपायचं. दुसऱ्याने "बघितलंय" म्हटलं तरी आपण परत बघायचं.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये कांस्य मिळवलं, आठवतंय? त्या पातळीच्या स्पर्धांमध्ये नेमबाज नेम धरत नसतो तेव्हा बंदुकीच्या चेंबरमध्ये एक भडक रंगाची सेफ्टी फ्लॅग घालावी लागते. कुणालाही लांबून दिसावं की आत काही नाही. जगातले सगळ्यात सराईत लोक स्वतःच्या आठवणीवर विश्वास ठेवत नाहीत. घरात मात्र आपण सहा महिन्यांपूर्वीच्या आठवणीवर ठेवतो.

चूक दुसरी : भरलेलं रिव्हॉल्व्हर कपाटात

१ ऑक्टोबर २०२४. पहाटे अभिनेता गोविंदा कोलकात्याला निघायच्या तयारीत होता. जुहूच्या घरी परवानाधारक रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते खाली पडलं, गोळी सुटली आणि गुडघ्याच्या खाली पायाला लागली, असं त्याने सांगितलं. जीव वाचला. त्यावर दोन दिवस भरपूर मीम्स फिरले, पण त्यातलं शिकण्यासारखं कुणी फारसं बोललं नाही.

जुन्या बनावटीच्या अनेक रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा, म्हणजे मागचा हॅमर, थेट गोळीच्या बुडावर टेकलेला असतो. नंतरच्या बनावटींमध्ये मध्ये एक अडसर असतो, चाप पूर्ण ओढल्याशिवाय घोडा गोळीपर्यंत पोहोचत नाही. अडसर नसेल किंवा झिजला असेल, तर नुसत्या पडण्याच्या धक्क्यानेही गोळी सुटू शकते. म्हणून जुने जाणकार घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचे. आणि कपाटात ठेवायचंच असेल, तर भरलेलं ठेवायचं कशाला? शस्त्र एका कुलपात, गोळ्या दुसऱ्या कुलपात. २०१६ च्या शस्त्र नियमांत परवान्याच्या अर्जासोबत शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून द्यावी लागते. सही करताना ती वाचा तरी.

चूक तिसरी : नळीत काय आहे ते न बघणं

आता बारा बोर. हा "बारा" आला कुठून? एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत बरोबर बसतो ती बारा बोर. वीस बोरमध्ये वीस गोळे, म्हणजे नळी लहान. आकडा वाढला की नळी बारीक.

यातूनच एक भयंकर चूक होते. वीस बोरचं काडतूस बारा बोरमध्ये टाकलं, तर ते मागे अडकत नाही, घसरत पुढे जाऊन नळीत रुतून बसतं. मागून बघितलं तर चेंबर रिकामं दिसतं. माणसाला वाटतं भरायचं राहिलं, तो बारा बोरचं काडतूस भरतो आणि चाप ओढतो. नळी फुटते, बहुतेक वेळा डावा हात जिथे असतो तिथेच. म्हणून तर वीस बोरची काडतुसं साधारणपणे पिवळ्या रंगाची करतात.

अडथळा कसलाही असू शकतो. साफसफाईतलं चिंधीचं टोक, चिखल, नाहीतर वर्षभर भिंतीवर टांगलेल्या दुनळीत कुंभारीण माशीने केलेलं मातीचं घर. म्हणून हात लावला की आधी उघडून नळीतून आरपार उजेड बघायचा.

आणि पावसाळा! इगतपुरी-त्र्यंबककडच्या दमट हवेत चामड्याच्या म्यानात ठेवलेली बंदूक म्हणजे गंजाला आमंत्रण. चामडं ओल धरून ठेवतं. चार महिन्यांनी म्यान उघडलं की आजोबांची लखलखीत नळी खड्ड्याखड्ड्यांची झालेली असते. पॉलिश नंतर करता येतं, पण आतून खाल्लेलं लोखंड परत येत नाही. ओल लागलेलं जुनं काडतूसही दगा देतं. चाप ओढला आणि आवाज झाला नाही, तर लगेच उघडून बघायचं नाही. नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबायचं, कारण गोळी उशिराही सुटते.

चूक चौथी : दुसऱ्याचा हात, आपला राग

ही सगळ्यात जड चूक आहे, म्हणून इथे जरा थांबूया.

८ फेब्रुवारी २०२४ ला मुंबईत दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर फेसबुक लाइव्ह चालू असताना गोळ्या झाडल्या गेल्या. त्यात त्यांचा मृत्यू झाला. ते पिस्तूल झाडणाऱ्याच्या नावावर नव्हतं. त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं होतं, असं पोलिसांनी सांगितलं. परवाना माणसाला मिळतो, घराला किंवा ऑफिसला नाही. तुमचं शस्त्र दुसऱ्याच्या हाताला लागेल अशा जागी राहिलं, तर पुढे जे होईल त्यात तुमचं नाव असणारच.

आणि हात आपलाच असला तर? २२ एप्रिल २००६ ला वरळीच्या घरात प्रमोद महाजन यांच्यावर त्यांच्या सख्ख्या भावाने परवानाधारक पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. ३ मेला महाजन गेले. भाऊ स्वतःहून पोलिस ठाण्यात गेला होता. पुढे जन्मठेप झाली. कागदपत्रं सगळी चोख होती. भांडणं कुठल्या घरात होत नाहीत? पण भांडणाच्या जागी पिस्तूल असलं, की राग ओसरायला जी दहा मिनिटं लागतात, ती मिळतच नाहीत.

हेच निराशेच्या क्षणालाही लागू आहे. घरात बंदूक असेल तर आत्महत्येचा धोका वाढतो, हे अमेरिकेतल्या अनेक अभ्यासांत दिसलंय. टोकाचा विचार बऱ्याचदा थोड्या वेळाने ओसरतो, आणि त्यातून वाचलेली बहुतेक माणसं पुढे जगतात. बंदूक तेवढा वेळ देत नाही. घरातलं कुणी खचलेलं असेल, कर्जाच्या ताणात असेल, खूप पीत असेल, तर शस्त्र काही काळ घराबाहेर ठेवा. परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे किंवा पोलिस ठाण्यात जमा करण्याबद्दल विचारा. यात कसलाही कमीपणा नाही. आणि तुम्हाला स्वतःला बोलावंसं वाटत असेल, तर टेली मानसचा नंबर १४४१६, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

चूक पाचवी : मिरवणं, आणि बिबट्याचं निमित्त

वरातीत हवेत बार. रीलमध्ये कमरेचं पिस्तूल. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच, आणि आपल्याकडे वरातीच्या आजूबाजूला गच्च्या, गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या असतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा हर्षाचा गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. सार्वजनिक जागी शस्त्र परजणंही नियमांत बसत नाही. म्हणजे तुमचं रील हाच तुमच्याविरुद्धचा पुरावा.

दुसरं निमित्त बिबट्या. निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या उसात बिबट्या आहे, भीती खरी आहे, त्याची थट्टा नाही. पण बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिकारीला ३ ते ७ वर्षांची कैद. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिकपणे केलेली कृती कायदा गुन्हा मानत नाही, पण ती वेळ तशीच होती का, याची चौकशी होणारच. आणि अंधारात उसावर झाडलेले छरे बिबट्याला लागतील की पाणी द्यायला आलेल्या शेजाऱ्याला, हे कोण सांगणार? बिबट्या दिसला तर वन विभागाचा नंबर १९२६.

चूक सहावी : आजोबा गेले, बंदूक राहिली

आपल्या वयाच्या लोकांच्या वाट्याला खरं तर हीच चूक येते. आजोबा गेले. दहावा-तेरावा झाला. बंदूक भिंतीवरच. "आठवण आहे, राहू दे." पण परवाना आजोबांच्या नावावर होता, तुमच्या नाही. आता ती विनापरवाना शस्त्र ठरू शकते, आणि त्यासाठी २०१९ नंतर किमान २ आणि कमाल ५ वर्षांची शिक्षा आहे.

कायदा सांगतो की परवान्याचा आधार संपला की विनाकारण उशीर न करता शस्त्र जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. मग वारसाने आपल्या नावावर परवान्यासाठी अर्ज करायचा. वय २१ पूर्ण हवं. नाशिक शहरात अर्ज पोलिस आयुक्तालयाकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे.

आजोबा असतानाच हे सोडवायची सोयही आहे. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा ते हयातीतच वारसाचं नाव सुचवू शकतात. तो विषय घरात काढायला संकोच वाटतो, मान्य. पण नंतर ठाण्यात खुलासे देण्यापेक्षा आता चहा घेताना विचारणं सोपं.

आणखी दोन गोष्टी. एका माणसाकडे आता जास्तीत जास्त दोनच बंदुका चालतात, पूर्वी तीन चालायच्या, आणि वारशाने आलेलीही त्या दोनातच मोजतात. परवान्याची मुदत ५ वर्षं. तारीख आजच फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका.

मग ठेवायची की नाही?

ते तुम्ही ठरवायचं. फक्त स्वतःला तीन प्रश्न विचारा. मी ही दर वेळी उघडून बघेन का? घरातल्या दुसऱ्या कुणाच्याही हाती लागणार नाही अशी जागा आहे का? आणि घरातल्या सगळ्यात वाईट रात्री, ती हाताशी असलेली मला चालेल का? एकाचंही उत्तर "नाही" असेल, तर जमा करा. आजोबांची आठवण त्यांच्या फोटोतही राहते, त्याला परवाना लागत नाही.

घरी बारा बोर असेल, तर हा एपिसोड आजोबांना, काकांना नक्की ऐकवा. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!