दिवस वासरू ठरवतं

मार्च महिना. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात थंडी अजून ओसरलेली नाही. कळपातली अँगस जातीची एक काळी गाय चरता चरता थांबते, शेपूट उचलते, वळून स्वतःच्या पोटाकडे बघते आणि हळूहळू बाकीच्यांपासून लांब, एका टेकडीच्या आडोशाला जाते. तिची कास तटतटली आहे. थोड्याच वेळात तिथे पस्तीस-चाळीस किलोचं एक ओलं वासरू गवतावर पडेल. येत्या दोनेक महिन्यांत या एकाच रँचवर, म्हणजे गुरांच्या मोठ्या शेतावर, अशी शेकडो वासरं जन्माला येतील.

या भागाला सँडहिल्स म्हणतात, म्हणजे वाळूच्या टेकड्या. वाऱ्याने रचलेल्या वाळूवर गवताने मुळं रोवली आणि टेकड्या जागच्या जागी थांबल्या. हा प्रदेश जवळजवळ ५०,००० चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या कोकण विभागाच्या दीडपटीहून मोठा आहे. नांगर घातला तर वाळू पुन्हा उडेल, म्हणून इथे गुरंच पाळली जातात. ती मांसासाठी असतात. गाईची धार कुणी काढत नाही. वासरू सहा-सात महिने आईजवळ राहतं, तिचं सगळं दूध पितं आणि मग विकलं जातं. वर्षभराची कमाई म्हणजे गाईमागे एक वासरू. त्यामुळे विण्याचे हे दोन महिने इथल्या घरांची झोप उडवतात.

विण्याचा हंगाम माणसाने आधीच आखलेला असतो. गाय सरासरी २८३ दिवस गाभण राहते. १ जूनला कळपात वळू सोडले, तर पहिली वासरं ११ मार्चच्या आसपास येतात. वळू दोन महिन्यांनी बाजूला काढले की विणंही साधारण दोन महिन्यांतच आटोपतं. हंगाम असा ठरवता येतो. पण नेमका दिवस कोण ठरवतं?

आपल्याला वाटतं, आई. उत्तर मिळालं न्यूझीलंडमध्ये, मेंढ्यांवरच्या प्रयोगांतून. १९६०च्या दशकात ग्रॅहम लिगिन्स या डॉक्टरांनी गर्भातल्या कोकरांच्या मेंदूतली पीयूषिका ग्रंथी निकामी केली, तर दिवस उलटून गेले तरी मेंढी विईना. उलट गर्भाला कॉर्टिसोल हे संप्रेरक दिलं, तर ती वेळेआधीच व्यायली. गाईतही हेच घडतं. पोटातलं वासरू पुरेसं वाढलं की त्याच्या शरीरात कॉर्टिसोल वाढतं. त्या इशाऱ्याने गर्भ टिकवून धरणारं प्रोजेस्टेरॉन ओसरतं, कळा सुरू करणारी संप्रेरकं वर येतात, गर्भाशयाचं तोंड सैल होतं. तेच कॉर्टिसोल वासराची फुप्फुसंही हवेसाठी तयार करतं. म्हणजे बाहेर यायची तयारी आणि दार उघडायचा निरोप, दोन्ही एकाच रसायनात! लिगिन्स आणि रॉस होवी यांनी याच धाग्यावरून पुढे अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणात आईला स्टेरॉइड देऊन बाळाची फुप्फुसं सावरण्याचा उपाय शोधला आणि १९७२ मध्ये तो प्रसिद्ध केला. आज जगभरच्या प्रसूतिगृहांत तो वापरला जातो.

दिवस वासराने ठरवला. आता तास. रात्री दोन वाजता, गोठवणाऱ्या वाऱ्यात, टॉर्चच्या उजेडात अडलेली गाय सोडवणं फार अवघड. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात गस कोनेफाल नावाच्या पशुपालकाने १९७०च्या दशकात एक साधी गोष्ट करून पाहिली. गाईंना दुसऱ्यांदा वैरण टाकायची वेळ त्याने रात्री साडेनऊ-दहावर नेली. त्याच्याकडची ८० टक्के वासरं सकाळी ७ ते संध्याकाळी ७ या वेळात जन्मली. पुढे आयोवात १५ शेतांवरच्या १,३३१ गाईंना दिवसातून एकदाच, तिन्हीसांजेला चारा दिला गेला. ८५ टक्के वासरं सकाळी ६ ते संध्याकाळी ६ या वेळात आली. याचं एक स्पष्टीकरण असं देतात की विण्याआधी काही तास गाईच्या मोठ्या पोटाची हालचाल मंदावते. रात्री ते पोट चाऱ्याने भरलेलं आणि कामात असलं की विणं दिवसाकडे ढकललं जातं. औषध नाही, सुई नाही, फक्त वैरणीची वेळ.

प्रत्यक्ष विताना जाणता माणूस लांबून बघतो. पाण्याची पिशवी दिसली की घड्याळाकडे नजर टाकतो. मग दोन पुढचे पाय येतात, खुरांचे तळवे जमिनीकडे, आणि गुडघ्यांवर टेकलेलं नाक. पाण्यात सूर मारणाऱ्या माणसासारखी ही ठेवण असली तर गाईला सहसा कुणाची गरज लागत नाही. तळवे आभाळाकडे दिसले तर बहुधा ते मागचे पाय असतात, वासरू पायाळू आहे. अशा वेळी हात घालावाच लागतो, कारण नाळ आतच दबली तर वासरू गुदमरतं. पहिलारू कालवडी जास्त अडतात, म्हणून त्यांना घराजवळ ठेवतात.

वासरू पडलं की गाय खरखरीत जिभेने त्याला चाटू लागते. चाटण्याने अंग कोरडं होतं, रक्त खेळतं, श्वास लागतो आणि आईच्या डोक्यात त्याचा वास कायमचा बसतो. तासाभरात ते डगमगत उभं राहतं, पडतं, पुन्हा उभं राहतं आणि सड शोधू लागतं. ही धडपड जगण्यासाठीच असते. माणसाचं बाळ आईच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे रोगांशी लढणारे रेणू, वारेतूनच घेऊन येतं. गाईची वार ती पलीकडे जाऊ देत नाही. वासरू जवळजवळ निःशस्त्र जन्मतं. त्याची सगळी शस्त्रं आईने कासेत साठवलेली असतात, चिकात. ज्याचा आपण खरवस करतो, तोच हा चीक.

नवजात वासराचं आतडं ही प्रतिपिंडं न पचवता अख्खीच्या अख्खी रक्तात जाऊ देतं. पण हे दार फार थोडा वेळ उघडं असतं. पहिल्या सहा तासांत ते सताड असतं, मग मिटत जातं आणि २४ तासांच्या सुमारास बंद होतं. त्यानंतर कितीही चीक पाजला तरी ती प्रतिपिंडं रक्तात उतरत नाहीत.

आता उरली जागा. ती मात्र माणसालाच बघावी लागते. हगवणीचे जंतू मोठ्या गाईंच्या पोटात थोडेफार असतातच, त्यांना त्याचं काही होत नाही. पहिल्या वासरांना थोडेच जंतू भेटतात. पण त्यांच्या पोटात ते वाढतात, शेणातून कुरणभर पसरतात, आणि हंगामाच्या शेवटी जन्मणाऱ्या वासराला जन्मतःच रोगाच्या ढिगात उतरावं लागतं.

नेब्रास्का विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी रँचवाल्यांच्या मदतीने यावर जो तोडगा काढला, तो आज सँडहिल्स पद्धत म्हणून ओळखला जातो. पहिली वासरं जन्मली की साधारण दोन आठवड्यांनी, व्यालेल्या गाई आणि वासरं आहेत तिथेच ठेवायची आणि अजून गाभण असलेल्या गाई नव्या, स्वच्छ कुरणात न्यायच्या. मग दर आठवड्याला पुन्हा तेच. प्रत्येक कुरणातली वासरं जवळजवळ एका वयाची राहतात आणि शेवटचं वासरूही पहिल्याइतक्याच स्वच्छ जमिनीवर जन्मतं. सगळ्यात धाकटं वासरू चार आठवड्यांचं झालं की कळप पुन्हा एकत्र करता येतात. आजार तोडायला लागतं काय? बरीच कुरणं आणि वेळेवर उघडलेलं फाटक.

दिवस वासराचा, तास वैरणीचा, जागा माणसाची. पहिल्या दिवसाचा चीक मात्र फक्त वासराचा. सँडहिल्सची काळी अँगस असो की आपल्या गोठ्यातली खिल्लार, आतड्याचं ते दार दोघींच्या वासरांत तितकाच वेळ उघडं असतं. म्हणून यापुढे गावाकडून कुणी चिकाची बाटली घेऊन आलं, तर गूळ-वेलची काढण्याआधी एवढंच विचारा: वासरू पोटभर प्यायलं ना?