लॅपटॉप उठला, पण प्रोसेसरचं काय?

झाकण मिटलं, कॅबमध्ये पुन्हा उघडलं आणि अर्धवट प्रेझेंटेशन जिथल्या तिथे हजर! 'एस-थ्री' प्रकारच्या स्लीपमध्ये मेमरीला थोडी वीज मिळत राहते, त्याचीच ही कमाल. प्रोसेसर मात्र पूर्ण बंद होतो आणि उठताना स्वतःची सेटिंग्ज विसरलेला असतो. ती पुन्हा लावून देतो बायोस, म्हणजे मशीनचं फर्मवेअर.

तिथेच चूक झाली तर? एएमडीचे जुने प्रोसेसर असलेल्या काही मशीन्सवर नेमकं तेच झालं. स्लीपनंतर 'रँडम' आकडा मागितला की दर वेळी एकच आकडा! सिक्युरिटीच्या किल्ल्या अशाच आकड्यांवर बनतात. शेवटी २०१९मध्ये लिनक्सने त्या प्रोसेसर-मालिकांवर ही सोय आपणहून बंद केली.

तेव्हा बॉस, बायोस अपडेट आला की 'नंतर बघू' नको. चार्जर लावा आणि उरकून टाका!